रिमवर्ल्डमधली कोरडी वीज आणि वणवा: नव्या खेळाडूंनी तयारी कशी करावी

मागच्या उन्हाळ्यात माझ्या मावसभावाने पहिल्यांदा रिमवर्ल्ड, म्हणजे मूठभर माणसांची वस्ती वसवून जगवायचा कॉम्प्युटरवरचा खेळ, खेळायला घेतला आणि आठवडाभरात त्याची वस्ती जळाली. त्याने पाठवलेला स्क्रीनशॉट अजून माझ्याकडे आहे. त्याची तिन्ही माणसं रानात गवताची आग झोडपत उभी आहेत आणि त्यांच्या पाठीमागे, चाळीसेक चौकोनांवर (खेळाचा नकाशा चौकोनांत विभागलेला असतो), लाकडी कोठार भडकलेलं आहे. कोठारात वर्षभराचं धान्य होतं. खाली एकच ओळ होती : "दादा, सगळ्यांना विझवायला पाठवलं होतं, तरी असं कसं झालं?"

त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथं नीट मांडतो आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातला, जंगलाला लागून असलेल्या गावातला. वणवा आम्ही दर उन्हाळ्यात बघतो, त्यामुळे या खेळातली आग मला पहिल्यापासून ओळखीची वाटली. खेळात ती बऱ्यापैकी खऱ्यासारखी वागते. वाळलेलं गवत धरून पुढं सरकते, ठिणगीने उडी मारते आणि पावसाने बसते.

आधी हे समजून घ्या

खेळात वादळं दोन जातीची. एकात विजेबरोबर पाऊस असतो. वीज पडली, गवत पेटलं तरी वरून पाणी पडत असल्यामुळे आग फार पसरत नाही. दुसरं कोरडं, म्हणजे ड्राय थंडरस्टॉर्म. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात सांजवेळी आभाळ भरून येतं, कडकडाट होतो, चार थेंब पडतात आणि धुळीचा वास तेवढा उठतो, तसं. खेळाच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात खाली हवामान लिहिलेलं असतं. तिथं हे नाव दिसलं की स्पेस दाबून खेळ थांबवायचा. थांबलेल्या खेळातही हुकूम देता येतात, आणि नवे खेळाडू नेमकं हेच घाईत विसरतात.

तिसरा प्रकार फ्लॅशस्टॉर्म. हे हवामान नसून संकट म्हणून येतं. नकाशाच्या एकाच भागात विजांचा नुसता मारा होतो. बऱ्याच जणांना वाटतं की फीबी चिलॅक्स हा सौम्य कथाकार (खेळात कोणतं संकट कधी आणायचं ते ठरवणारा) निवडला म्हणजे विजेपासून सुटका. फीबी दोन संकटांमध्ये मोकळा वेळ जास्त देते हे खरं, पण कोरडं वादळ हा हवामानाचा भाग आहे. ते कोणताही कथाकार निवडला तरी येतं.

आणखी एक गोष्ट. खेळातली वीज झाड बघून पडत नाही, उंच जागाही शोधत नाही. छप्पर नसलेल्या कोणत्याही उभं राहता येईल अशा जागेवर ती पडू शकते. छपराखाली पडत नाही. मूळ खेळात वीजवाहक सळईसुद्धा नाही. म्हणजे वीज अडवणं आपल्या हातात नाही. ती पडल्यावर आगीला पुढं काय मिळेल, एवढंच आपण ठरवू शकतो. सगळी तयारी त्यासाठीच.

लाकूड फक्त पहिल्या काही दिवसांसाठी

क्रॅशलँडेड, म्हणजे यान कोसळून आलेल्यांची सुरुवात घेतली तर तीन माणसं आणि थोडंसं सामान मिळतं. पहिल्या रात्री डोक्यावर छप्पर हवं, म्हणून लाकडी भिंती उभारा, त्यात गैर काही नाही. लाकूड लवकर मिळतं, भिंत झटपट उभी राहते. चूक होते ती पुढं, लाकडावर लाकूड चढवत गेल्याने. झोपायची खोली, तिला चिकटून स्वयंपाकघर, त्याला चिकटून कोठार, सगळं एकाच लाकडी भिंतीने जोडलेलं. एका टोकाला ठिणगी पडली की दुसऱ्या टोकापर्यंत आग जाते. भिंती जळाल्या की वरचं छप्पर खाली बसतं, खाली कोणी असेल तर त्याच्या अंगावर.

म्हणून पहिल्या आठवड्यातच स्टोनकटर्स टेबल, म्हणजे दगड कापायचं टेबल, मांडा. दगडाच्या एका मोठ्या तुकड्यातून २० ब्लॉक निघतात, भिंतीच्या एका चौकोनाला ५ लागतात. म्हणजे एका तुकड्यात चार चौकोन भिंत. ग्रॅनाइट, चुनखडी, वाळूचा दगड, स्लेट, संगमरवर, कोणताही दगड चालेल. दगडी भिंत पेटतच नाही. ग्रॅनाइट सगळ्यात टणक, पण बांधायला फार वेळ खातो. तीन माणसांत सगळी वस्ती दगडाची करायला बसलात तर शेती राहून जाईल. लोखंडी भिंत लाकडापेक्षा कमी पेट घेते, पण घेते, हेही ध्यानात ठेवा.

क्रम असा ठेवा : आधी कोठार, मग औषधं आणि दारूगोळ्याची खोली, मग बॅटऱ्यांची, झोपायच्या खोल्या शेवटी. माणूस उठून बाहेर पळू शकतो, धान्याला पाय नाहीत. केमफ्युएल (खेळातलं इंधन) आणि तोफेचे गोळे आगीत फुटतात, त्यांना कधीही इतर सामानात ठेवू नका. वस्तीपासून वेगळी, छोटी दगडी खोली त्यांना द्या. बॅटऱ्या तर छपराखालीच हव्यात. उघड्यावर पावसात त्या शॉर्ट होतात आणि आग तुमच्या घरातूनच सुरू होते.

डोंगराच्या पोटात खोदून राहिलात तर विजेची काळजी जवळजवळ संपते. मात्र जाड खडकाच्या छताखाली किड्यांचं संकट येतं, त्याची तयारी वेगळी. नव्या माणसाने डोंगराला पाठ लावून बाहेर बांधावं असं माझं मत आहे. एक बाजू आपोआप सुरक्षित होते.

जाळरेषा

आमच्याकडे वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. त्याआधी वनखात्याची माणसं जंगलात जाळरेषा काढतात, म्हणजे ठरावीक रुंदीचा पट्टा गवत-पाला काढून मोकळा करतात. एका बाजूला लागलेली आग त्या पट्ट्याशी आली की तिला खायला काही उरत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. कधी तो हाताबाहेर जातो, आणि तेव्हा या पट्ट्यांची किंमत कळते.

खेळातही अगदी हेच करायचं. वस्तीभोवती, आणि शेताभोवती वेगळा, फरशीचा पट्टा टाका. नुसतं गवत कापून जमत नाही. मोकळ्या मातीवर ते परत उगवतं. फरशी टाकली की तिथं काही उगवत नाही. काँक्रीट स्वस्त पडतं, चौकोनाला १ लोखंड. दगडाची फरशी घालायची तर ब्लॉक जास्त जातात. लाकडी फरशी, गवताची चटई, गालिचे हे सगळं जळतं, त्याची जाळरेषा होत नाही.

रुंदी किती? इथं सगळे चुकतात. एक चौकोन पुरत नाही. आग शेजारच्या चौकोनात जाते, आणि अधूनमधून ठिणगी एक चौकोन ओलांडून पलीकडे पडते. मी तीन चौकोन ठेवतो. तीन ठेवल्यापासून आग पट्टा ओलांडून आत आल्याचं मला आठवत नाही. पट्ट्यावर झाड राहिलेलं नाही ना, तेही बघा. आणि पट्ट्यावर सामानाचा ढीग टाकू नका. मी स्वतः एकदा लाकडाच्या मोळ्या जाळरेषेवर रचल्या, म्हटलं मोकळी जागा आहे. आग त्या मोळ्यांवरून पुलासारखी आत आली.

सगळीकडे फरशी टाकायला लोखंड नसेल तर नकाशा आधी नीट बघा. नदी, तळं, खडक या तयार जाळरेषाच आहेत. दोन खडकांच्या मधली फट तेवढी फरशीने बुजवा. बहुतेक नकाशांवर हे काम वाटतं त्यापेक्षा कमी असतं.

शेतं एकाच मोठ्या तुकड्यात पेरू नका. पीकही जळतं. तीन छोटी शेतं, मधे फरशीचा धुरा, हे एका मोठ्या वावरापेक्षा चांगलं. आपल्याकडे धुऱ्यावरचं गवत आग नेतं, खेळात तोच धुरा फरशीचा केला की आग तिथंच थांबते.

होम एरिया, म्हणजे कोणती आग आपली

आता मावसभावाच्या प्रश्नाचं खरं उत्तर. या खेळात माणसं आपणहून फक्त होम एरियातली, म्हणजे वस्तीची म्हणून आखलेल्या जागेतली आग विझवतात. त्याबाहेरची आग त्यांना दिसतच नाही म्हणा. हा नियम नवे खेळाडू दोन्ही बाजूंनी चुकवतात. कोणाचं कोठार होम एरियाबाहेर राहतं आणि ते जळत असताना माणसं शांतपणे भाजी लावत बसतात. कोणाची होम एरिया इतकी पसरते की कोपऱ्यातल्या गवताच्या आगीसाठी अख्खी वस्ती रिकामी होते.

ती पसरते कशी? तुम्ही काहीही बांधलं की खेळ त्याच्याभोवतीची जागा आपोआप होम एरियात घालतो. दूरच्या पवनचक्कीपर्यंत वायर ओढली, तर त्या वायरीच्या बाजूची पट्टीसुद्धा होम एरिया झाली. मावसभावाच्या बाबतीत हेच झालं होतं. रानातल्या वायरीजवळ वीज पडली, तिघंही तिकडे पळाले, आणि दुसरी वीज कोठारापाशी पडली तेव्हा घरात कोणी नव्हतं.

म्हणून उजवीकडे खाली असलेलं आपोआप वाढवण्याचं बटण बंद करा. आर्किटेक्ट या बांधकामाच्या मेनूतल्या झोनमध्ये जाऊन होम एरिया हाताने आखा. घरं, कोठार, शेतं आणि जाळरेषा. जाळरेषा आत का? म्हणजे माणसं तिच्या कडेवर येऊन आग मारतात, पलीकडे जात नाहीत. वायरी, दूरच्या खाणी, रान, सगळं बाहेर. वायर जळली तर परत ओढता येते.

आमच्या आबांचं एक वाक्य मला इथं नेहमी आठवतं. मी नववीत असेन. शेजारच्या वावरात धुरा पेटवला होता, वारा फिरला आणि आग आमच्याकडे निघाली. मी कडुलिंबाची फांदी तोडून धुऱ्याकडे धावलो. आबा ओरडले, "कुठी पयतं? धुरा जयू दे! पयले गंजीभोवती वखर फिरव!" कडब्याची गंजी आणि कुटाराचा ढोला गोठ्याला लागून होता. बैल जुंपून गंजीभोवती तीन फेरे मारले, खालची काळी माती वर आली. आग आली, मातीपाशी थोडा वेळ धुमसली आणि बसली. धुरा पार काळा झाला, तुराट्यांचा ढीग गेला. गंजी राहिली, ढोरांचा उन्हाळा निघाला. होम एरिया आखताना मी स्वतःला हेच विचारतो : यातली माझी गंजी कोणती?

कोण विझवणार

वर्क टॅबमध्ये फायरफाइट हे काम सगळ्यात डावीकडे असतं. प्रत्येक माणसासमोर ते चालू आहे का बघा. काहींना पूर्वायुष्यामुळे ते काम करताच येत नाही. पायरोमॅनियाक गुण असलेला माणूस तर आग कधीच विझवत नाही, उलट मन बिघडलं की स्वतः लावत सुटतो. सुरुवातीची तीन माणसं निवडताना असा माणूस मी घेत नाही, बाकी कितीही हुशार असू दे. तीनपैकी दोघं तरी आग विझवणारे हवेतच.

वादळ आल्यावर

खेळ थांबवला. आता काय?

बाहेर कोण कोण आहे ते बघा. शिकारीला, झाडं तोडायला गेलेल्यांना आत आणा. यासाठी आधीच 'घरात' नावाची एक परवानगीची जागा आखून ठेवा, फक्त छपराखालचे चौकोन धरून. शेड्यूल टॅबमध्ये सगळ्यांना ती लावली की कामं सोडून सगळे आत येतात. पण आग लागल्यावर ही बंदी उठवायला विसरू नका, नाहीतर माणसं दारात उभी राहून शेत जळताना बघतील. जागा बांधलेली असेल तर ती तिच्याबाहेर विझवायलाही जात नाहीत.

शिकारीच्या खुणा काढून टाका, विशेषतः बूमॅलोप आणि बूमरॅटवरच्या. ही जनावरं मरताना फुटतात आणि आजूबाजूला आग लावतात. वाळल्या गवतात बूमॅलोपचा कळप चरत असेल आणि तिथं वीज पडली तर एका आगीच्या सहा होतात. त्यांची शिकार करायचीच असेल तर पाऊस चालू असताना करा.

पाळीव जनावरांचं कुंपण लाकडी असेल तर फाटकाकडे लक्ष ठेवा. गोठ्यात चारा साठवला असेल तर तो आजच आत हलवा.

आग लागल्यावर

ती होम एरियाच्या बाहेर असेल आणि जाळरेषा पूर्ण असेल तर काही करू नका. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे. पडद्याचा अर्धा भाग केशरी झालेला असतो, हात शिवशिवतात. जळू द्या. नकाशावर आग फार वाढली की खेळ स्वतःच पावसाची शक्यता वाढवतो, त्यामुळे मोठे वणवे बऱ्याचदा पावसानेच संपतात. वाळवंटी नकाशावर मात्र पावसाच्या भरवशावर राहू नका. तिथं गवतही कमी असतं, ही जमेची बाजू.

जाळरेषा अपुरी असेल तर माणसांना ड्राफ्ट करून, म्हणजे थेट आपल्या हुकमाखाली घेऊन, त्या फटीपाशी उभं करा. ड्राफ्ट केलेला माणूस शेजारच्या चौकोनातली आग आपोआप झोडपतो, होम एरिया असो वा नसो. मधे पळू देऊ नका, कडेवर रांगेत ठेवा. आगीच्या पोटात गेलेला माणूस स्वतः पेटतो, आणि पेटलेला माणूस तुमचं ऐकत नाही, सैरावैरा धावतो. त्याच्याजवळ दुसरा माणूस असेल तर तो त्याला विझवतो. म्हणून एकट्याला कधीच पाठवू नका.

घराच्या आत आग लागली तर धोका ज्वाळेपेक्षा उष्णतेचा जास्त. बंद, छप्पर असलेल्या खोलीत आग लागली की तापमान झपाट्याने चढतं. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी दार लावून बसल्यावर काय होतं ते ठाऊक आहेच. खेळात त्याच्या कितीतरी पट. आत गेलेल्या माणसाला उष्माघात होतो, भाजतं. आधी दार उघडं ठेवण्याची खूण करा, उष्णता बाहेर जाऊ द्या, मग माणूस पाठवा. रिकाम्या दगडी खोलीत चार खुर्च्या जळत असतील तर कोणालाच पाठवू नका, दार लावून जळू द्या. आत कोणी झोपलेलं किंवा जखमी पडलेलं असेल तर आधी त्याला बाहेर काढा, विझवणं नंतर.

फायरफोम पॉपरचं संशोधन जमेल तितक्या लवकर करून घ्या. कोठारात एक, बॅटऱ्यांच्या खोलीत एक. जवळ आग आली की तो आपणहून फुटतो आणि फेस पसरवतो.

खऱ्या विजेचं

हे सांगितल्याशिवाय लेख पुरा करायचा नाही. हा खेळ आपण गावात खेळतो, आणि बाहेर खरंच कडकडाट सुरू झाला की लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढा. सेव्ह करा, बंद करा. वस्ती परत उभी राहते. वावरात असाल तर झाडाखाली थांबू नका. खेळातली वीज झाड बघत नाही, खरी वीज बघते. पक्क्या घरात या. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं बाहेर पडू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं (आयआयटीएम) 'दामिनी' हे ॲप जवळपासच्या विजेचा इशारा देतं, घरातल्या प्रत्येक फोनमध्ये असू द्या. देशात दरवर्षी वीज पडून २००० हून जास्त माणसं जातात, त्यातली बरीचशी वावरात काम करणारी असतात.

आग विझल्यावर

पहिलं काम जखमींचं. भाजलेल्या जखमा चिघळतात, औषध देऊन पट्टी झालीच पाहिजे. मग धान्य मोजा. शेत जळालं असेल आणि हंगाम उरला असेल तर लगेच भात पेरा, तो लवकर हाती येतो. मका मोठं पीक देतो पण वाट बघायला लावतो, आता तेवढा वेळ नाही. शीतगृहाच्या भिंतीला आगीची धग लागली असेल तर आतलं तापमान बघा, मांस खराब व्हायला लागलेलं असतं.

आणि त्याच दिवशी, दगड कापायला एक माणूस बसवा. जळालेल्या जमिनीवर गवत परत यायला काही दिवस लागतात. तोवर ती जमीन मोकळी, कापायला काही नाही, झाडं नाहीत, माणसं नुसती फरशी टाकत जातात. मावसभावाने दुसऱ्या वस्तीत असंच केलं. पहिल्या वणव्याच्या काळ्या पट्ट्यावरच त्याने तीन चौकोनांची जाळरेषा टाकली, उत्तरेकडच्या तळ्यापासून दक्षिणेच्या खडकापर्यंत. परवा त्याने पुन्हा एक स्क्रीनशॉट पाठवला. पलीकडे सगळं केशरी, अलीकडे भाताचं शेत हिरवं, आणि त्याची तिन्ही माणसं जेवायला बसलेली.